एका सणाची नावे

यहुदी बांधवांच्या शरद ऋतूतील सुगीच्या सणास हिब्रू भाषेत दोन नावे आहेत. ‘हाग हाआसीफ’ म्हणजे पीक गोळा करण्याचा सण; ‘सुक्कोत’ म्हणजे झोपड्या. ग्रीकांनी त्यास ‘स्केनोपेगिया’, अर्थात तंबू उभारणे, असे म्हटले. जर्मनांनी ‘लाउबह्यूटनफेस्ट’, म्हणजे आमच्या संस्कृतात पर्णकुटीचा उत्सव. परभाषांनी कोठार मागे ठेवून झोपडी तेवढी उचलली, यात आम्हांस मर्म दिसते. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या पूर्वजांनी चाळीस वर्षे रानात काढली. ते स्मरून हे लोक पीक घरात आल्यावर सात दिवस पर्णकुटीत भोजन करतात. वाचकहो, भरल्या घरी वनवासाचे दिवस आठवावेत, एवढे सामर्थ्य एका नामात असते!