लघुरेल्वेच्या पाटावर जालन्याची जमीन

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. ते पाहून घरी गाडी मांडायची इच्छा अनेकांना होते. मात्र देखाव्याचे जे साहित्य बाजारात मिळते ते बहुतेक युरोप-अमेरिकेसाठी बनवलेले असते. गर्द हिरवे गवत आणि सूचिपर्णी झाडे मराठवाड्यात शोभणार नाहीत. जालना मांडायचा असेल तर साहित्यही जालन्यातलेच घ्यावे. ते चांगले दिसते आणि जवळजवळ फुकट मिळते.

आधी काळ ठरवा

मनमाडहून जालन्यामार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मीटरगेज म्हणून बांधला गेला. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी इथून मुंबईला वंदे भारत सुटली. विजेवरची गाडी दाखवायची तर खांब आणि तारा आल्याच. खऱ्या मार्गावर दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असते, म्हणजे १:८७ या प्रमाणात सुमारे ८३ सेंटिमीटर.

मी मीटरगेजचा काळ निवडायला सांगेन. १:८७ मध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर भरते आणि १२ मिलिमीटरचे रूळ त्याला चालून जातात. आपले ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटर हवे, पण सर्रास मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले आहेत. ऋतूही एकच ठरवा, वैशाख किंवा श्रावण.

पाया

प्लायवूडवर थर्माकोल चिकटवून चढउतार कापावेत. पेट्रोलसारखे द्रावक असलेला गोंद आणि स्प्रेचा रंग थर्माकोल खातात, म्हणून फेव्हिकॉलच वापरा. वर कागदाच्या पट्ट्यांचा किंवा प्लास्टरचा थर द्या. डोंगर उभारायचा मोह टाळावा. इथली जमीन लांबवर हळूहळू चढते-उतरते, तोच तिचा डौल.

काळी माती

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. शेतातली माती उन्हात कडकडीत वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळावी. मग तिच्यातून लोहचुंबक पुन्हा पुन्हा फिरवावे. ही माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली असल्याने तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे कण असतात. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतो. तो हे कण ओढून घेतो आणि मोटार निकामी होते.

दुसरी अडचण भेगांची. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. जाड थर दिला तर तो तडकून पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून पायाला आधी गडद तपकिरी रंग द्यावा, ओल्या रंगावर माती चिमटीने पातळ भुरभुरावी आणि वर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचा फवारा मारावा. आटलेल्या तळ्यात भेगा हव्याच असतील तर जाड थर जरूर द्या, पण तिथे माप सांभाळा. १ मिलिमीटरची भेग खऱ्या शेतात जवळजवळ ९ सेंटिमीटरची होते. गोंदाने माती आणखी काळवंडते, म्हणून रंग एक छटा फिका ठेवा.

मुरूम आणि खडी

फुगणाऱ्या मातीवर रूळ टिकत नाहीत, म्हणून खऱ्या मार्गाखाली मुरमासारख्या भक्कम मातीचा भराव असतो. खडी आणि काळे शेत यांच्यामध्ये तांबूस-पिवळा उतार दिसतो तो त्यामुळे. पुष्कळ लोक हा पट्टा विसरतात आणि रूळ शेतात रुतल्यासारखे दिसतात.

रेल्वेची सर्वांत मोठी खडी ६५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडे पाऊण मिलिमीटर. क्रशरची बारीक कच चाळून घेतली की तोच काळा दगड हाती येतो. चुंबक इथेही फिरवायचे. कच ब्रशने बसवून भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेले पाणी फवारावे. मग एक भाग फेव्हिकॉल आणि दोन-तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाणी कणांवर न थांबता आत झिरपते. सांध्याच्या हलत्या जिभांपाशी गोंद जाऊ देऊ नका.

पऱ्हाटी, मोसंबी, बाभळी

वाळलेल्या गवतासाठी सुतळी बारीक कापावी. तिचा पिवळट रंग उन्हाळ्यातल्या माळाचाच असतो. पऱ्हाटीच्या ओळींत साधारण १४ मिलिमीटर अंतर ठेवावे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा एखादी बाग हवीच. सहा-सहा मीटरवरची झाडे म्हणजे दर ७ सेंटिमीटरला एक. तांब्याची तार पिळून बाभळीचे खोड होते. पाला विरळ ठेवा, फांद्यांतून आकाश दिसले पाहिजे.

गाडी सोडण्यापूर्वी रुळांचा माथा कापडाने पुसून घ्या आणि चुंबक अखेरचे एकदा मार्गावरून फिरवा. आधी हातभर लांबीचा एक तुकडा करून पाहा, मोठा पाट नंतर घ्या.