पाटी नसलेली जुनी चेन सॉ कशी ओळखावी?

थानावरचा छाप कापून टाकलेला कपडा बाजारात आला तर जाणकार व्यापारी काय करतो? तो विकणाऱ्याच्या बोलण्यावर जात नाही. धागा ओढून पाहतो, इंचातले उभे-आडवे धागे मोजतो, पन्हा तपासतो. माल स्वतःच आपले नाव सांगतो. यंत्राचेही तसेच आहे.

लाकडाच्या धंद्यात जुन्या चेन सॉचा सौदा नेहमी होतो. नावाची पाटी पडलेली, रंग उडालेला, आणि दलाल छातीठोकपणे सांगतो, "अस्सल जर्मन माल आहे, शेठ!" आमच्या परिचयाच्या एका वखारवाल्याने असेच यंत्र घेतले. दलालाने स्टीलची ०७० सांगितली, म्हणून त्याच मापाचा पिस्टन मागवला. पिस्टन आला तो सिलिंडरमध्ये खुळखुळू लागला. यंत्र निघाले ०९०! पिस्टनचे पैसे गेले आणि ऐन हंगामात काम बंद राहिले ते वेगळेच.

चूक होण्यासारखीच होती. स्टील ही १९२६ साली आंद्रेआस स्टील यांनी श्टुटगार्ट येथे सुरू केलेली कंपनी. तिची ०७० आणि ०९० ही यंत्रे एकाच घडणीची, बाहेरून जुळ्या भावांसारखी. फरक आहे तो पोटात. ०७० च्या सिलिंडरचा व्यास ५८ मि.मी., तर ०९० चा ६६ मि.मी. पिस्टनची धाव दोन्हीत ४० मि.मी. व्यासाचा वर्ग गुणिले धाव गुणिले ०.७८५४ असा हिशेब केला की पहिले यंत्र सुमारे १०६ सीसीचे आणि दुसरे सुमारे १३७ सीसीचे ठरते. व्हर्नियरने पाच मिनिटे मोजले असते तर नुकसान टळले असते.

म्हणून वाचकहो, पारख क्रमाने करावी. प्रथम यंत्र रॉकेल आणि ब्रशने धुवावे. पॉलिश पेपर घासू नये, उरलेसुरले आकडेही जातात. पुसट अंकांवर कागद ठेवून पेन्सिल घासली की ते उमटतात.

दुसरे, सुट्या भागांवरचे क्रमांक पाहावेत. स्टीलच्या भागांच्या क्रमांकातील पहिले चार आकडे घराणे सांगतात. ११०६ म्हणजे ०७० आणि ०९०, १११० म्हणजे ०४१, १११९ म्हणजे ०३८. मात्र एकाच भागावर भरवसा ठेवू नये, कारण मिस्त्री एका यंत्राचा भाग दुसऱ्याला लावतात. दोन-तीन भागांची साक्ष जुळली पाहिजे. चार आकडे घराणे सांगतात, नेमके यंत्र मापच सांगते.

तिसरे, दुसऱ्याच्या नावाने फसू नये. कार्बोरेटरवर टिलॉटसन किंवा वॉलब्रो लिहिलेले असते, ते कार्बोरेटर बनवणाऱ्याचे नाव. पट्टीवरचे 'ओरेगॉन' हे पट्टी आणि साखळी बनवणाऱ्याचे. कपड्याला लावलेल्या बटणावरून गिरणी ओळखण्यासारखीच ती गफलत आहे. रंगावरही जाऊ नये, रंग कोणीही मारतो.

चौथे, जमाना ओळखावा. फार जुन्या यंत्रांत इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये गिअर असे. स्टीलने १९५९ साली 'कॉन्ट्रा' हे बिनगिअरचे यंत्र आणले. फ्लायव्हीलखाली प्लॅटिनम पॉइंट असतील तर यंत्र बहुधा जुन्या पिढीचे, कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशन नंतर रुळले. साखळीचा ब्रेक १९७० च्या दशकात येऊ लागला.

पाचवे, साखळी मोजावी. लागोपाठ तीन रिबिटांमधले अंतर घेऊन त्याचे निम्मे करावे, म्हणजे साखळीचे माप मिळते. ०.४०४ इंच हे माप मोठ्या यंत्रांवर, ३/८ इंच मध्यम यंत्रांवर सहसा आढळते. साखळी, दातेरी चक्र आणि पट्टी यांची मापे जुळलीच पाहिजेत. न जुळणारी साखळी उडते किंवा तुटते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येते, आणि ब्रेक नसलेल्या जुन्या यंत्रात ते थांबवणारे काही नसते. इथे प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, कामगाराच्या हातापायाचा आणि जिवाचा आहे.

आणखी एक सावधगिरी. ०७० च्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. नक्कल विकत घेणे हा ज्याच्या त्याच्या हिशेबाचा भाग, पण नकलेला असलचा भाव देणे हा शुद्ध तोटा आहे.

शेवटी विकणाऱ्यांनाही सांगणे आहे. ओळख पटली नसेल तर गिऱ्हाइकाला तसे सरळ सांगा. खोटी पाटी ठोकून एकदा चार पैसे जास्त मिळतील, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. घेणाऱ्याने मात्र आधी मोजावे आणि मगच बयाणा द्यावा.