ताज्या पास्त्याचे साधे सॉस

ताजा पास्ता सुक्यापेक्षा मऊ असतो आणि सॉस पटकन शोषून घेतो. त्यामुळे लोणी-मलईचे सॉस त्याला चांगले जुळतात. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागात तो साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे या प्रमाणात मळतात. त्याच्या पातळ पट्ट्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत शिजतात, म्हणून सॉस आधी तयार हवा.

सगळ्यात सोपा सॉस टोमॅटोचा. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण मंद आचेवर परतायचा, तो तांबूस होण्याआधी चिरलेले पिकलेले टोमॅटो घालायचे. साली सुटून रस दाटला की उकडलेला पास्ता त्यातच टाकून वर तो उकडलेले डावभर पाणी ओतायचे. या पाण्यातल्या पिठुळपणामुळे तेल आणि रस एकजीव होतात. ते मोरीत ओतून देणे हीच नवख्यांची नेहमीची चूक.

दक्षिण इटलीतल्या पुल्या भागात अंडे न घालता रवा-पाण्याची कानाच्या आकाराची ओरेक्येत्ते करतात. सलगमच्या कुळातली कडवट पालेभाजी त्याच भांड्यात उकडून, लसूण, मिरची व खारवलेल्या अँचोव्ही मासळीसह ती परततात. तिथल्याच सालेंतोत पास्त्याला काबुली चण्यांची जोड असते; थोड्या पट्ट्या मात्र कुरकुरीत तळून वर घालतात. उत्तर इटलीतल्या लिग्युरिया भागात पास्त्याबरोबरच बटाटा व फरसबी शिजवून त्यावर तुळशीच्या भावकीतल्या बेझिलचे वाटण, म्हणजे पेस्तो, कालवतात. पेस्तो आचेवर ठेवत नाहीत, नाहीतर रंग काळवंडतो.