कळकाचे काटे आणि संगणकाचे आकडे

पर्यावरणाचा अभ्यास म्हटला की आता उपग्रहाची छायाचित्रे, सेन्सर आणि संगणक डोळ्यांसमोर येतात. ही साधने हवीतच. पण नेमके काय मोजायचे, हे कोणाला विचारून ठरवायचे? पुण्याचे माधव गाडगीळ यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी गणिती परिसरशास्त्राचा अभ्यास केला. संगणक तेव्हा दुर्मीळ होता. तो त्यांनी तिथे हाताळला. १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवून १९७१ मध्ये ते मायदेशी परतले. वा. द. वर्तक यांच्यासोबत महाराष्ट्रातील देवराया पाहताना गावकऱ्यांचे ज्ञान त्यांना जवळून कळले.

पुढे कर्नाटकात बांबू का घटतो आहे, याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. कळकाच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. ते काढले की बेट मोकळे होऊन वाढेल, असा वनखात्याचा समज होता. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब गुरे आणि वन्यप्राणी फस्त करतात. गाडगीळांनी प्रत्यक्ष मोजणी केली आणि गावकरी बरोबर ठरले. या दिशेनेच पुढे ‘लोक जैवविविधता नोंदवही’ची कल्पना आकाराला आली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत त्यासाठी समिती असणे अपेक्षित आहे.

विटा परिसराला ही रीत परकी नाही. येरळेवर बळीराजा धरण उभारताना बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी पाण्याचा हिशेब स्वतः मांडला. भूमिहीनांचाही वाटा धरला.

आरोग्यातही हेच लागू पडते. यंत्रमागाच्या शेडमधील धूळ यंत्राने मोजता येते. पण कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकारात सुरुवातीला छाती आवळते ती सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी. हे कामगारच सांगू शकतो. ‘आज कामाचा कितवा दिवस?’ हा रकाना तक्त्यात नसेल, तर आठवड्याच्या सरासरीत आजार दडून राहतो आणि उपचाराला उशीर होतो.

डेटा सायन्स शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी म्हणूनच तक्ता आखण्याआधी कामगारांशी, शेतकऱ्यांशी आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलावे. निष्कर्ष हाती आले की तेही त्यांना मराठीत समजावून सांगावेत.