टिचबटण घरी लावताना

चिचगडहून देवरीला नुसत्या टिचबटणासाठी कोण जाणार? सुईदोरा आणि खडू असला की काम घरीच होते. पट्टीच्या वरच्या पदराला, आतल्या बाजूने, गोंडीची अर्धी चकती लावायची. खालच्या पदराला खोबणीची. आधी गोंडी शिवावी, तिच्या टोकाला खडू घासावा आणि पट्टी मिटवून दाबावी. खाली ठिपका उमटतो, तीच खोबणीची जागा. टेपने मोजत बसण्यापेक्षा हे बिनचूक. दोरा दुहेरी घ्यावा, प्रत्येक भोकात तीन-चार टाके घालावेत आणि वरच्या पदराचे फक्त आतले कापड उचलावे, म्हणजे टाका बाहेर दिसत नाही.

शिवायच्याऐवजी ठोकायचे टिचबटण घेतले, तर त्याचे चार भाग असतात, दोन वर आणि दोन खाली. फसते ते बहुधा एकेरी, पातळ कापडावर: बटण टिकते, कापडच फाटते. म्हणून आत बकरमचा किंवा जाड सुती कापडाचा तुकडा हवाच. हातोडीचा घाव सरळ बसला पाहिजे. तिरका बसला की गोंडी चेपते आणि बटण लागतच नाही. आधी चिंधीवर एक वाया घालवावे.

जर्मनीच्या हेरिबर्ट बाउअरने 1885 मध्ये टिचबटणाचे पेटंट घेतले, तेही पुरुषांच्या विजारीसाठी! आपल्याकडे मात्र ते झबल्यावर जास्त शोभते. तान्ह्याच्या कपड्याचे बटण दर धुण्यानंतर ओढून पाहावे; सैल झालेले सरळ तोंडात जाते.