कोणत्या घरीं कोण जाईल?

वैशाखाच्या दुपारीं घरांतील वातानुकूलक बंद पडतो. गृहस्थ दुरुस्तीच्या कंपनीस कळवितो, वेळ ठरते, त्यासाठीं घरांतील कोणी तरी कामावरून रजा काढतें. ठरल्या वेळीं कारागीर येतो, यंत्राकडे पाहतो आणि म्हणतो, "ह्या गॅसचें काम मी शिकलेलों नाहीं, दुसरा माणूस येईल." घरच्यांची रजा फुकट जाते, कारागिराचा फेरा वायां जातो, आणि त्याला कामागणिक मजुरी मिळत असेल तर तीहि बुडते. दोष त्याचा नसतो. त्याला त्या घरीं पाठविणाऱ्या योजनेचा असतो.

पूर्वीं ही योजना कचेरींतील एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यांत असे. कोणास काय येतें, कोण कोठें राहतो, हें सारें त्याला तोंडपाठ. शेंकडों कारागीर असलेल्या कंपन्यांत आतां हें काम संगणकाकडे आलें आहे. दहा कारागीर आणि दहा कामें असलीं, तर प्रत्येकास एकेक काम देण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात. त्यांतून सर्वांत कमी खर्चाचा प्रकार थोडक्या पायऱ्यांत शोधण्याची रीत अमेरिकन गणितज्ञ हॅरोल्ड कून यानें १९५५ सालीं प्रसिद्ध केली. देनेश कोनिग व येनो एगेरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कार्यावर ती आधारलेली असल्यामुळें त्यानें तिला 'हंगेरियन पद्धति' असें नांव दिलें. परंतु गणित कितीहि सूक्ष्म असलें, तरी कारकुनाला जें ठाऊक होतें, तें कोणी लिहून दिल्यावांचून यंत्राला कळत नाहीं. तें लिहून देणें म्हणजेच नियम बांधणें.

हे नियम दोन जातींचे असतात. पहिली जात अटींची : अट पुरी न करणारा कारागीर यादींतूनच वगळला जातो. दुसरी जात पसंतीची : अटींना उतरलेल्यांपैकीं कोण जवळ आहे, कोण लौकर पोहोंचेल, मागें त्या घरीं कोण गेला होता, यांवरून गुण देऊन क्रम लावावयाचा. विभाग, कामाचे तास, रजा, सामान्य कौशल्य एवढ्या अटी बहुतेक व्यवस्थांत तयारच मिळतात. पण प्रत्येक धंद्याचें कांहीं निराळें असतें, आणि तेथें स्वतःचा नियम करावा लागतो.

वातानुकूलकाचेंच उदाहरण घ्यावें. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायु सहसा पेट घेत नाहीं. परंतु तो ओझोनच्या थरास घातक असल्यामुळें १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणें त्याचा वापर क्रमाक्रमानें बंद होत आहे. त्याच्या जागीं आलेल्या वायूंपैकीं आर-३२ हा सौम्य ज्वालाग्राही आहे, आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेन. तो अत्यंत ज्वालाग्राही. तेव्हां 'वातानुकूलकाची दुरुस्ती येते' एवढी नोंद पुरेशी नाहीं. कामाच्या नोंदींत यंत्रांतील वायूचा रकाना ठेवावा, आणि त्या वायूचें शिक्षण झालेल्या कारागिराखेरीज इतरांचा विचार होऊं नये, असा नियम बांधावा. एकाच कारागिराचें अनेक वायूंचें शिक्षण झालेलें असतें, व त्या शिक्षणास कंपनीनें मुदतहि घातलेली असूं शकते. म्हणून 'कारागीर, वायु, मुदत' अशा तीन रकान्यांची निराळी वही करून तिच्याशीं कामाचा वायु आणि कामाची तारीख जुळवावी लागते.

खरा घोटाळा होतो तो कोऱ्या रकान्यांत. फोन घेणाऱ्यानें वायूचें नांव विचारलेंच नाहीं, तर संगणकानें काय समजावें? 'कोरा म्हणजे कोणीहि चालेल' असें ठरविलें, तर नियम असून नसल्यासारखा. जेथें जिवाशीं गांठ आहे, तेथें कोरा रकाना सर्वांत धोक्याचा मानून सर्व वायूंचें शिक्षण झालेलाच माणूस पाठवावा, अथवा यंत्रावरील पट्टी वाचून सांगण्यास गिऱ्हाइकास सांगावें.

उलट, प्रत्येक इष्ट गोष्टीची अट केली, तर यादींत कोणी उरतच नाहीं. गिऱ्हाइकांनीं दिलेले गुण सर्वांत अधिक असतील त्यालाच काम द्यावें, अशी अट केल्यास नव्या मुलास काम मिळत नाहीं, आणि काम नाहीं म्हणून गुणहि मिळत नाहींत. ती पसंती असावी, अट नव्हे. आणि अमुक जातीचा किंवा धर्माचा माणूस नको, असें एखाद्या गिऱ्हाइकानें म्हटलें, तर त्याची ना अट व्हावी ना पसंती. कारागिराच्या अब्रूचा आणि पोटाचा तो प्रश्न आहे.

म्हणून नवा नियम अंमलांत आणण्यापूर्वीं गेल्या महिन्याच्या कामांस लावून पाहावा. किती कामांस एकहि माणूस उरला नाहीं? कोणत्या कारागिराचें काम एकाएकीं घटलें? एका वेळीं एकच नियम बदलावा, म्हणजे चूक कोठें झाली तें सांपडतें.

एवढें करूनहि नियमांत न बसणारा प्रसंग येतोच. आजारी माणसाच्या खोलींतील यंत्र बंद पडलें, तर दूरच्या कारागिरास आधीं तेथें धाडण्याचा अधिकार कचेरींतील माणसाच्या हातीं असावा. पसंती त्यानें खुशाल मोडावी, सुरक्षिततेची अट मात्र कधींहि मोडूं नये. आणि मोडण्याचें कारण लिहून ठेवावें. तेंच कारण पुन्हां पुन्हां दिसूं लागलें, तर माणसें चुकत नसून नियम जुना झाला, असें समजावें.