क्लच प्लेट का जळाली, ते आधी शोधा

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर पाळी घालताना ओढ घेईना. इंजिन घुमायचे, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नसे. जळका वासही येई. मिस्त्रीने क्लच प्लेटला नवे लायनिंग बसवून दिले. आठ दिवसांत पुन्हा तीच रड! ट्रॅक्टर दुसऱ्यांदा मधोमध खोलला, तेव्हा इंजिनाचे मागचे ऑइल सील गळताना दिसले. नवे लायनिंग तेलाने माखले होते. मजुरी दोनदा गेलीच, पण वाफसाही हातचा गेला.

क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगांनी दाबून धरलेली चकती. ती पकडीने काम करते. तेल लागले की पकड सुटते, चकती घसरते, तापते आणि जळते. तेल प्यालेले लायनिंग पेट्रोलने धुऊन भागत नाही. तापल्यावर आतले तेल पुन्हा वर येते.

दुसरे कारण आपल्याच पायाखाली असते. लायनिंग झिजत जाते तसतशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ती संपली की रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि प्लेट पुरती पकडली जात नाही. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ही चाल इंचभराच्या आसपास असते; नेमका आकडा पुस्तिकेत पाहून ती वेळोवेळी जुळवून घ्यावी. बाजाराहून येताना पेडलवर पाय टेकवून गाणी ऐकत येणारी पोरे मला रोज दिसतात. त्यांच्या वडिलांनी हे जरूर वाचावे.

ट्रॅक्टर खोलेल त्या दिवशी मिस्त्रीजवळ स्वतः बसा. प्लेटचा मधला भाग धड असेल, त्यातल्या स्प्रिंगा ढिल्या वा तुटक्या नसतील आणि खाचा झिजल्या नसतील, तरच जुन्या प्लेटला लायनिंग बसवण्यात फायदा आहे. नाहीतर नवी प्लेटच घ्या. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असतील, तर ते लेथवर साफ करून घ्या. प्रेशर प्लेटच्या फिंगर एका पातळीत आहेत ना, हेही पाहा. इंजिनाकडचे आणि गिअर बॉक्सकडचे, दोन्ही ऑइल सील त्याच वेळी बदला. एवढ्या खर्चात त्यांची किंमत किरकोळ.

आतली काळी धूळ हवेने किंवा तोंडाने फुंकू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे, पोरांना लांब ठेवावे.

हे काम रब्बीची मळणी उरकली की पाडव्याच्या सुमारास काढा. तेव्हा मिस्त्रीला सवड असते. मृगाच्या तोंडावर त्याच्या दारात चार ट्रॅक्टर उभे असतात, आणि तो रात्री बॅटरीच्या उजेडात बोल्ट आवळत असतो.